साडेतीन किलोची घट: गरोदरपणातल्या न थांबणाऱ्या उलट्यांचं एक प्रकरण

हे प्रकरण २०२३ च्या पावसाळ्यातलं. पेशंटचं नाव बदललं आहे, आणि ओळख पटेल असे इतर तपशीलही. तिला शेवटी दाखल करून घेणारी डॉक्टर म्हणून, पूनमच्या परवानगीनेच ते लिहिते आहे. तिच्यावर उपचार करणाऱ्या प्रत्येकाचा हेतू चांगला होता, औषधंही हाताशी होती, घरची माणसं काळजी करणारी होती. तरीही ती अशा अवस्थेला पोचली की दिवसभर लघवी झाली नाही. हे कसं झालं, ते टप्प्याटप्प्याने बघण्यासारखं आहे.

पार्श्वभूमी

पूनम, वय २६, पहिलंच गरोदरपण. शिरवळ एमआयडीसीतल्या एका कंपनीत ठेकेदारामार्फत पॅकिंगचं काम, दोन वर्षं सलग. नवरा तिथल्याच दुसऱ्या कंपनीत मशीन ऑपरेटर, शिफ्ट दर आठवड्याला बदलणारी. घर जवळच्या गावात, घरात सासू, सासरे आणि धाकटा दीर. तिची झोपायची जागा आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत नाही, फक्त पडदा. माहेर साताऱ्याच्या पलीकडे, म्हणजे जायचं तर खंबाटकी घाट ओलांडून.

आधी कुठलाही आजार नाही. गाडी लागण्याचा त्रास मात्र लहानपणापासून. मार्चमध्ये कंपनीची आरोग्य तपासणी झाली होती, त्या कागदावर वजन होतं ५२ किलो. हा कागद तिने जपून ठेवला होता, आणि पुढे तोच सगळ्यात उपयोगी पडला.

मळमळ आणि उलट्या गरोदरपणात दहापैकी सात-आठ जणींना होतात. बहुतेकींना चौथ्या ते सातव्या आठवड्यात सुरू होतात, नवव्याच्या आसपास जोर धरतात आणि सोळा ते वीस आठवड्यांत ओसरतात. शंभरात एखाद-दुसरीला मात्र त्या इतक्या तीव्र होतात की अंगातलं पाणी आणि क्षार कमी पडतात, आधीच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरतं. याला हायपरएमेसिस म्हणतात. तो वेगळा आजार आहे, त्याला वेगळे उपचार लागतात.

त्रास कसा वाढत गेला

सहाव्या आठवड्यात मळमळ सुरू झाली. गावातल्या दवाखान्यात फॉलिक ॲसिड, लोह, कॅल्शियम आणि पित्ताची गोळी मिळाली. वजन कुणी केलं नाही. लोहाची गोळी ‘रक्त वाढायला’ म्हणून लगेच सुरू झाली. शासनाच्या कार्यक्रमातही पहिले तीन महिने फक्त फॉलिक ॲसिड असतं, लोह चौथ्या महिन्यापासून देतात. लोहाने पोट ढवळतं, तोंडाला धातूची चव येते. ज्या बाईला आधीच मळमळतंय तिला सहाव्या आठवड्यात लोह दिलं की त्रास वाढणारच.

सातव्या आठवड्यात उलट्या दिवसाला सात-आठ वेळा होऊ लागल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी डॉक्सिलामीन आणि पायरिडॉक्सिन, म्हणजे बी ६ जीवनसत्त्व, यांची एकत्र गोळी लिहून दिली. ‘रात्री एक.’ औषध अगदी योग्य. पण नवऱ्याच्या मोबाइलवर एक मेसेज फिरत आला होता: पहिल्या तीन महिन्यांत उलटीची गोळी घेतली तर बाळाला व्यंग येतं. म्हणून दोघांनी ठरवलं की अगदीच सहन होईना तेव्हाच गोळी घ्यायची. पूनम सकाळी उलटी झाली की गोळी घ्यायची, पुढच्या उलटीत ती पडायची. ही गोळी सावकाश विरघळावी म्हणून तिच्यावर लेप असतो, परिणाम दिसायला काही तास लागतात. रात्री घेतली तर सकाळी उपयोग होतो. रोज नेमाने घ्यायची गोळी त्रास होईल तेव्हा घेऊन काहीच हाती लागत नाही. चिठ्ठीवर ‘रात्री एक’ लिहिलं होतं, पण रात्रीच का, हे कुणी सांगितलं नव्हतं.

घरात सासूबाई म्हणायच्या, ‘मला तर पाचव्या महिन्यापर्यंत उलट्या होत्या, तरी भांगलायला जात होते.’ यात दुष्टावा काही नव्हता. त्या स्वतः आलेपाक करून ठेवत, लिंबू कापून देत. पण त्यांच्या अनुभवाच्या मापात पूनमचा त्रास ‘होतंच असं’ यातच बसत होता. पहाटे साडेपाचला डबे व्हायचे. लसणाच्या फोडणीचा वास पडद्याआड थांबत नाही. नाकाला ओढणी बांधून ती पोळ्या लाटायची, मध्येच मोरीत जाऊन यायची, आणि सातच्या पाळीला कंपनीची बस पकडायची. कामावर सारखं बाथरूमला जावं लागू नये म्हणून तिने पाणी पिणंच कमी केलं.

आठव्या आठवड्यात अशक्तपणासाठी जवळच्या एका दवाखान्यात तीन दुपारी ग्लुकोजची बाटली लावली. प्रत्येक वेळी संध्याकाळपर्यंत बरं वाटायचं, रात्री पुन्हा तेच.

मग एका रविवारी नवऱ्याच्या लक्षात आलं की कालपासून ही लघवीला गेलेली नाही. त्याने कुणालाही न विचारता रिक्षा बोलावली आणि तिला आमच्याकडे आणलं. सगळ्या प्रकरणात हा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उलट्या किती होतात हे मोजण्यात सगळे गुंतले होते. आत काय टिकतंय आणि बाहेर किती येतंय, हे त्याने पाहिलं.

दाखल होताना

जीभ कोरडी, डोळे खोल, नाडी ११२, रक्तदाब ९६/६०. वजन ४८.५ किलो. मार्चच्या कागदाशी ताडलं तर साडेतीन किलो, म्हणजे जवळजवळ सात टक्के घट. तो कागद नसता तर ‘बारीकच आहे’ असं म्हणून हा आकडा निसटला असता.

चोवीस तासांबद्दलचे तीन ठरलेले प्रश्न विचारले: मळमळ किती तास, उलट्या किती वेळा, कोरड्या उबळी किती वेळा. या प्रश्नावलीत तीनपासून पंधरापर्यंत गुण असतात. तेरा आणि त्यापुढे म्हणजे तीव्र. पूनमचे चौदा झाले. ताप, लघवीची जळजळ, पोटात कळ, यांतलं काही नव्हतं. सोनोग्राफीत एकच गर्भ, ठोके चांगले, वाढ नऊ आठवड्यांची. जुळं किंवा द्राक्षगर्भ (गर्भाऐवजी द्राक्षांसारख्या फोडांचा घोस वाढणं) असला तरी उलट्या अशाच वाढतात, म्हणून ते पाहावंच लागतं. रक्तात पोटॅशियम ३.०, म्हणजे कमी. लिव्हरचे आकडे थोडे वाढलेले, थायरॉईडचा टीएसएच किंचित खाली. या दिवसांतल्या संप्रेरकांमुळे टीएसएच असा तात्पुरता खाली येतो, त्यावर लगेच गोळी सुरू करायची नसते. लघवीत कीटोन, म्हणजे उपासमारीत चरबी जळून तयार होणारे पदार्थ, होते. पण आजार किती गंभीर आहे ते कीटोनवरून ठरवू नये, असं आता मानलं जातं, त्यामुळे निर्णय वजन, नाडी आणि पोटॅशियमवर घेतला.

समोरचे पर्याय

घरी गोळ्यांवर ठेवणं शक्य नव्हतं, पाण्याचा घोटही टिकत नव्हता.

नवऱ्याचा कल होता रोज येऊन सलाईन लावून जाण्याकडे. खर्च कमी, घरही सुटत नाही. बऱ्याच जणींना हा पर्याय पुरतो आणि मी तो सुचवतेही. इथे अडत होतं पोटॅशियममुळे. ते शिरेतून हळूहळू द्यावं लागतं, पुन्हा तपासावं लागतं. शिवाय रिक्षाच्या प्रत्येक फेरीत तिला उलट्या होणार होत्या.

तिसरा पर्याय साताऱ्याचं सरकारी रुग्णालय. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात औषधं, तपासण्या, जेवण आणि १०२ ची गाडी मोफत आहे. खर्चाचा अंदाज मी त्यांना आकड्यांत सांगितला आणि हा पर्यायही तितक्याच स्पष्टपणे मांडला. तिला त्या अवस्थेत घाटातून न्यावंसं कुणालाच वाटेना. ठरलं असं की इथेच दाखल करायचं, तीन दिवसांत सुधारणा नसेल तर स्थिर करून साताऱ्याला हलवायचं. आकडा आधी ठरला की घरच्यांचा ताण निम्मा होतो.

काय केलं, आणि कुठे थांबून विचार केला

पहिला थांबा ग्लुकोजचा. बी १, म्हणजे थायमिन, शरीरात जेमतेम दोन-तीन आठवड्यांपुरतं साठलेलं असतं. पूनमच्या पोटात तितके दिवस जवळजवळ काही टिकलं नव्हतं. अशा वेळी नुसतं ग्लुकोज चढवलं तर ते जिरवताना उरलंसुरलं बी १ वापरलं जातं आणि मेंदूला इजा होऊ शकते: डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो, गोंधळ होतो, स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. तिला आधीच तीन बाटल्या लागल्या होत्या. तिचे डोळे सगळ्या दिशांना फिरवून पाहिले, चालवून पाहिलं. सुदैवाने सगळं ठीक होतं. आधी बी १ चं इंजेक्शन दिलं, मग पोटॅशियम घातलेलं साधं मिठाचं सलाईन. ग्लुकोज नाही. गावोगावी ‘ताकदीची बाटली’ म्हणून जे लावलं जातं, त्याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे: दोन-तीन आठवडे उलट्या करणाऱ्या बाईला बी १ दिल्याशिवाय ग्लुकोज लावू नका.

दुसरा थांबा उलटीच्या औषधाचा. पहिल्या दिवशी मेटोक्लोप्रामाइड शिरेतून सावकाश दिलं. फरक पडला, पुरेसा नाही. पुढचं औषध ऑन्डान्सेट्रॉन. त्याने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते आणि पोटॅशियम कमी असताना ती भीती जास्त. म्हणून पोटॅशियम ३.५ च्या वर येईपर्यंत थांबलो, ईसीजी काढला, मग सुरू केलं. नवव्या आठवड्यात बाळाची टाळू जुळण्याचं काम अजून चालू असतं, आणि पहिल्या तिमाहीत हे औषध घेतल्यास ओठ किंवा टाळू दुभंगण्याचं प्रमाण किंचित वाढतं असं एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं: दहा हजारांत अकराच्या जागी चौदा. हा आकडा मी दोघांना जसाच्या तसा सांगितला. नवऱ्याने थोडा वेळ विचार करून विचारलं, ‘आणि नाही दिलं तर?’ प्रश्न बरोबर होता. उपाशीपोटी, क्षार ढासळलेल्या आईच्या पोटात वाढण्याचा धोका त्या तीन बाळांच्या फरकाहून कितीतरी मोठा होता. दोघांनी होकार दिला.

मोबाइलवरच्या मेसेजबद्दलही तेव्हाच बोलणं झालं. ती भीती हवेतून आलेली नाही. थॅलिडोमाइड नावाचं औषध १९५७ पासून जर्मनीत विकलं गेलं, गरोदर बायकांनी मळमळीसाठी घेतलं, हजारो मुलं हातापायांची व्यंगं घेऊन जन्मली आणि १९६१ मध्ये ते मागे घेतलं गेलं. पूनमच्या गोळीचा त्याच्याशी काहीच संबंध नाही. डॉक्सिलामीन-पायरिडॉक्सिनची गोळी अमेरिकेत १९८३ मध्ये कंपनीने खटल्यांच्या खर्चामुळे बंद केली. पुढे अनेक अभ्यासांत तिच्यामुळे व्यंग येत असल्याचं दिसलं नाही, आणि २०१३ मध्ये तिला तिथे पुन्हा मान्यता मिळाली. हे पाच मिनिटांत सांगून होतं. ‘काही होत नाही, घ्या’ एवढ्यावर भागवलं की गोळी पाकिटातच राहते.

पडून राहणं, पाणी कमी होणं आणि गरोदरपण, यांमुळे पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून दाखल असेपर्यंत हेपॅरिनचं छोटं इंजेक्शनही रोज दिलं.

तिसरा थांबा सगळ्यात अवघड. दुसऱ्या रात्री पूनमने सिस्टरला विचारलं, ‘हे पाडता येतं का?’ सिस्टरने तिला गप्प केलं नाही, सकाळी मला सांगितलं. नवऱ्याला चहाला पाठवून मी तिच्याजवळ बसले. ती म्हणाली, ‘मॅडम, बाळ नको असं नाही. पण मला हे आता होत नाही.’ मी तिला सांगितलं की कायद्याने तो मार्ग तिला खुला आहे, निर्णय तिचा आहे, आणि असं मनात येणारी ती पहिली नाही. जीव द्यावासा वाटतो का, हेही स्पष्ट विचारलं. तसं नव्हतं. मग एवढंच मागितलं की नीट उपचार अजून दोनच दिवसांचे झालेत, आठ दिवस देऊ या, मग पुन्हा बोलू. तिने मान हलवली. आठ दिवसांनी मीच आठवणीने विषय काढला. तेव्हा ती म्हणाली, ‘आता जमेल.’ पहिल्याच वाक्याला ‘असं बोलू नये’ म्हटलं असतं, तर ती पुढे काहीच बोलली नसती.

घर आणि नोकरी

सासूबाईंना मी मार्चचा कागद आणि आमच्या काट्यावरचं वजन शेजारी ठेवून दाखवलं. त्या आकड्यांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मग आता काय करायचं ते सांगा.’ पुढचं बरंचसं त्यांनीच केलं. शेगडी मागच्या पडवीत गेली. सकाळची लसणाची फोडणी महिनाभर बंद झाली. दोघा भावांनी डबा सोडून कंपनीच्या कॅन्टीनला जेवायचं ठरवलं. पूनमला माहेरी पाठवण्याऐवजी तिची आईच दोन आठवडे येऊन राहिली, घाट टळला.

खाण्याचं सूत्र एकच: जे टिकेल ते. अंथरुणातून उठण्याआधी साळीच्या लाह्या किंवा टोस्ट. गरम अन्नाचा वास जास्त येतो म्हणून गार दहीभात, मीठ घातलेली थंड पेज. पाणी जेवणाबरोबर नाही, मधल्या वेळात घोट-घोट. कोकम सरबताचा बर्फ तिला सगळ्यात चांगला टिकला. दात उठल्या-उठल्या न घासता तासाभराने. आल्याने सौम्य मळमळीत फायदा होतो, पण रिकाम्या पोटी आलेपाक तिला जळजळत होता, तो खाण्यानंतर एक वडी इतकाच ठेवला. लोह बंद. ‘दोन जिवांचं खा’ हे वाक्य घरात महिनाभर कुणी उच्चारायचं नाही, असंही मी सांगितलं. या दिवसांत बाळ बोटाएवढंही नसतं. पौष्टिक काही जात नाही म्हणून अपराधी वाटून घेण्याचं कारण नाही.

कामावर सुपरवायझरने तोंडी सांगितलं होतं, ‘राजीनामा दे, बाळंतपणानंतर बघू.’ तेव्हा लागू असलेल्या मातृत्व लाभ कायदा, १९६१ च्या कलम १० प्रमाणे गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी बाळंतपणाच्या रजेखेरीज एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळत होती, आणि या रजेवर असताना कामावरून काढता येत नव्हतं. ठेकेदाराकडच्या बायकांनाही हा हक्क होता, पण तो त्यांना सांगणार कोण? आम्ही आजाराचं नाव लिहून प्रमाणपत्र दिलं, अर्जात कलमाचा उल्लेख केला आणि पोच घ्यायला सांगितली. रजा मंजूर झाली. त्या महिन्याचा पगार दोन महिने उशिरा आला, पण आला.

परिणाम

चौथ्या दिवशी घरी सोडलं. रात्री डॉक्सिलामीनच्या दोन गोळ्या, गरज पडल्यास सकाळी एक, शिवाय बी १. परत कधी यायचं ते कागदावर मोठ्या अक्षरांत: आठ तास लघवी नाही, चोवीस तास काही टिकलं नाही, उलटीत रक्त, चक्कर, किंवा वजन ४८ च्या खाली.

अकराव्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून तिने गोळ्या स्वतःच बंद केल्या आणि दोन दिवसांत पुन्हा आली. एका दिवसाच्या सलाईनवर भागलं. त्यानंतर पंधराव्या आठवड्यापर्यंत गोळ्या सलग चालू ठेवल्या आणि मग हळूहळू कमी केल्या. सोळाव्या आठवड्यात वजन ५०.८, टीएसएच आपोआप जागेवर. लोह तेव्हा रात्रीच्या वेळी सुरू केलं आणि ते सोसलं. अधूनमधून उलटी विसाव्या आठवड्यापर्यंत होत राहिली. अडतिसाव्या आठवड्यात साधं बाळंतपण, बाळाचं वजन २.७ किलो.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या भेटीत वजन. एवढं एक झालं असतं तर आठव्या आठवड्यातच घट कळली असती. माता-बाल संरक्षण कार्डावर वजनाचा रकाना आहे, आशाताई नियमित येतात, पण नोंदणी बारा आठवड्यांपर्यंत केली तरी वेळेत धरली जाते. पूनमची दहाव्या आठवड्यात झाली. कार्डावर तिचं पहिलं वजन लिहिलं गेलं ते आजार पूर्ण भरात येऊन गेल्यावरचं. या आजारासाठी पाळी चुकल्या-चुकल्याच उपकेंद्रात एक वजन नोंदलं जायला हवं.

दुसरं, गोळी लिहिणाऱ्याने ‘रात्रीच आणि रोज’ याचं कारण सांगणं. सातव्या आठवड्यात ती नेमाने घेतली गेली असती तर दाखल व्हायची वेळ टळली असती असं खात्रीने म्हणता येणार नाही, पण एक चांगली संधी वाया गेली. तिसरं, बाटली लावणाऱ्या दवाखान्याने दुसऱ्या वेळी तरी पोटॅशियम तपासून पुढे पाठवायला हवं होतं. एकाच आठवड्यात दोनदा सलाईन लागलं, तर तिसऱ्याच्या आधी रक्त तपासावं.

बाळंतपणानंतर तपासणीला आली तेव्हा तिने विचारलं, ‘माझ्या जावेला काहीच झालं नाही, मलाच का?’ नुकतंच, डिसेंबर २०२३ मध्ये, ‘नेचर’ मध्ये संशोधन प्रसिद्ध झालं होतं: गर्भ आणि वारेतून जीडीएफ१५ नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात येतं, आणि जिच्या शरीरात ते आधीपासून कमी असतं तिला त्याचा एकदम वाढलेला साठा सोसत नाही. म्हणजे तिच्या मनाचा, स्वभावाचा किंवा सवयीचा यात दोष नव्हता. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी ते दोनदा समजावून घेतलं.

पुढच्या खेपेला हा त्रास पुन्हा होण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून तिच्या फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे: गरोदर राहण्याचा विचार सुरू होताच वजन, पाळी चुकली की उलटीची वाट न बघता रात्रीची गोळी, पहिले तीन महिने लोह नाही, सलाईन लागलंच तर आधी बी १.